बायोरिॲक्टर ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालवायचा तर

कल्चरला, म्हणजे पोषक द्रवात वाढणाऱ्या पेशींना, थांबवून ठेवायचं बटण नसतं. सकस माध्यमात, ३७ अंश सेल्सिअसला ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. प्रोग्राम तासभर अडकून पडला तर तेवढ्यात पेशी आठपट होतात, ऑक्सिजन संपतो, पीएच घसरतो आणि आठवडाभर जपलेला प्रयोग हातचा जातो. म्हणून बायोरिॲक्टरसाठी, म्हणजे पेशी वाढवण्याच्या यंत्रासाठी, सॉफ्टवेअर निवडताना, लिहिताना किंवा दुसऱ्याने लिहिलेलं वापरताना मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते: हे आत्ता, या क्षणी बंद पडलं तर व्हेसलमध्ये (कल्चरच्या भांड्यात) काय होईल? खाली जे सांगते आहे ते सगळं या प्रश्नातूनच निघालेलं आहे.

मी फर्मेंटेशनच्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळते. प्रयोग विद्यार्थ्यांचे, रिॲक्टर रात्रभर नीट चालेल ही जबाबदारी माझी. ओपन सोर्सकडे मी वळले ते पैसे वाचवायला नाही. ॲसिडचा पंप किती सेकंद चालवायचा हा निर्णय ज्या ओळी घेतात, त्या मला उघडून वाचायच्या होत्या. ग्रोथ रेटचा आकडा प्रबंधात जाणार असेल तर तो कुठल्या गणितातून आला हे विद्यार्थ्याला सांगता आलं पाहिजे. ओळी समोर असल्या की ते सांगता येतं.

आधी काम कोणतं ते ठरवा

वाढीचा वेग मोजायचा आहे, उत्क्रांतीचे लांब प्रयोग लावायचे आहेत, वीस-चाळीस मिलिलिटरच्या कुप्या पुरणार आहेत, असं असेल तर शून्यापासून काही बांधू नका. चांगले, लोकांनी वापरून घासूनपुसून घेतलेले प्रकल्प आहेत.

पायोरिॲक्टर हा त्यातला सुरुवातीला सगळ्यात सोपा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसणारा बोर्ड, काचेची छोटी कुपी, खाली चुंबकीय स्टरर, आणि इन्फ्रारेड एलईडी व फोटोडायोडवर पेशींच्या घनतेचं मोजमाप. सॉफ्टवेअर पायथनमध्ये आहे. एक रास्पबेरी पाय ‘लीडर’, बाकीचे ‘वर्कर’. त्यांचं आपापसातलं बोलणं एमक्यूटीटी या निरोप पोचवण्याच्या पद्धतीवर आणि नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये. ढवळणं, घनता वाचणं, ग्रोथ रेट काढणं ही कामं वेगवेगळ्या ‘जॉब’ म्हणून चालतात, त्यामुळे ग्रोथ रेटचं गणित कोलमडलं म्हणून स्टरर थांबत नाही. माझ्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देणारी रचना क्वचित बघायला मिळते. पायथन न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही ब्राउझरमधून सगळं चालवता येतं.

ईव्हॉल्व्हर बोस्टन विद्यापीठातून आलं, त्याचा शोधनिबंध २०१८ चा. एका मांडणीत १६ कुप्या, आणि प्रत्येकीचं तापमान, ढवळणं, पातळ करणं (ताजं माध्यम घालणं) वेगळं ठेवता येतं. इथे सर्व्हर रास्पबेरी पायवर असतो, पण प्रयोगाचं डोकं, म्हणजे कधी पातळ करायचं हे ठरवणारी पायथनची फाइल, सहसा दुसऱ्या संगणकावर चालते. मग त्या संगणकाचं झोपी जाणं आणि रात्री आपोआप अपडेट होणं आधी बंद करा. ऑक्सफर्डहून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘ची.बायो’ बीगलबोन या छोट्या संगणकावर चालतं, ६५० नॅनोमीटरच्या लेझरने घनता मोजतं, आणि वेगवेगळ्या रंगांचे एलईडी व स्पेक्ट्रोमीटर त्यात आधीच बसवलेले आहेत. फ्लुरोसन्स किंवा प्रकाशाने जीन चालू-बंद करण्याचं काम असेल तर ते बघा.

पीएच धरून ठेवायचा आहे, हवा खेळवायची आहे, एक-दोन लिटरचं व्हेसल आहे, तर गणित बदलतं. प्रयोगशाळेत जुना बेंचटॉप रिॲक्टर आणि त्याचा कंट्रोलर असेल तर तो काढून टाकण्याची घाई करू नका. त्याच्या मागच्या बाजूला सिरियल पोर्ट, मॉडबस किंवा ओपीसी यूए (उपकरणांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धती) आहे का ते मॅन्युअलमध्ये शोधा. असेल तर आतले लूप, म्हणजे मोजून लगेच दुरुस्त करणारी चक्रं, त्याच्याकडेच राहू द्या. तुमच्या पायथनने फक्त आकडे वाचायचे आणि सेटपॉइंट (हवे असलेले आकडे) बदलायचे. तुमचा प्रोग्राम मेला तरी कंट्रोलर शेवटच्या सेटपॉइंटवर इमानेइतबारे चालत राहतो. माझ्या मते बहुतेक प्रयोगशाळांनी इथूनच सुरुवात करावी. सगळं स्वतः बांधणं हा शेवटचा पर्याय, आणि तो घेतलात तर पुढचा भाग दोनदा वाचा.

तीन थर, आणि खालच्याने वरच्यावर विसंबायचं नाही

सगळ्यात खाली मायक्रोकंट्रोलर: हीटर, स्टरर, पंप यांना प्रत्यक्ष वीज देणारा. मधे रास्पबेरी पाय किंवा साधा संगणक, त्यावर पायथन. वर एमक्यूटीटीचा ब्रोकर (निरोप पोचवणारा मध्यस्थ) म्हणून मॉस्किटो, साठवणीला इन्फ्लक्सडीबी, आलेखांना ग्राफाना, आणि हवं तर जोडाजोडीला नोड-रेड. वरचा थर पूर्ण झोपला तरी मधला चालला पाहिजे. मधला झोपला तर खालच्याने काही सेकंदांत ओळखून सुरक्षित स्थितीत गेलं पाहिजे. त्यासाठी मधल्याने दर सेकंदाला ‘मी आहे’ असा निरोप पाठवायचा, आणि समजा दहा सेकंद तो आला नाही तर खालच्याने स्वतः निर्णय घ्यायचा.

आता सुरक्षित स्थिती म्हणजे काय? इथे पुष्कळ जण ‘सगळं बंद’ असं लिहून मोकळे होतात, आणि ते जिवंत कल्चरसाठी घातक आहे. ३७ अंशांना, हवेने पूर्ण संपृक्त माध्यमात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे जेमतेम ०.२ मिलिमोल असतो. दाट वाढलेलं कल्चर तासाला लिटरमागे १०० मिलिमोल इतका ऑक्सिजन ओढू शकतं. भागाकार करा: सात-आठ सेकंदांचा साठा. तेव्हा सुरक्षित स्थितीत हीटर बंद, ॲसिड, बेस आणि फीडचे (पोषक द्रवाचे) पंप बंद, पण स्टरर आणि हवा चालूच. स्टररचा वेग शेवटी होता तोच ठेवा. सतत प्रवाहाच्या प्रयोगात (ताजं माध्यम सतत आत, जुनं बाहेर) बाहेर काढणारा पंपही चालू राहू द्या. त्याच्या नळीचं तोंड हव्या त्या पातळीवर बसवलेलं असलं की तो त्याखालचं माध्यम ओढूच शकत नाही, आणि व्हेसल ओसंडून वाहण्याची भीती जाते.

हीटरच्या बाबतीत सॉफ्टवेअरवर अजिबात भरवसा ठेवू नका. हीटर चालू-बंद करणारा सॉलिड-स्टेट रिले बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. प्रोग्राम अगदी शहाण्यासारखा ‘बंद’ म्हणत राहतो आणि व्हेसल तापत राहतं. हीटरच्या तारेतच एक स्वतंत्र थर्मल कटऑफ टाका, तुमच्या सर्वोच्च सेटपॉइंटपेक्षा थोड्या वरचा. त्याला पायथन लागत नाही, म्हणूनच तो हवा. विजेच्या मुख्य दाबाची ही जोडणी ज्याला ते काम येतं त्याच्याकडूनच करून घ्या.

सेन्सर काय बोलतात ते ओळखायला शिका

डिजिटल प्रोब आणि पंप बरेचदा आरएस४८५ या तारजोडणीवर मॉडबस बोलतात. पायथनमध्ये मिनिमलमॉडबस किंवा पायमॉडबस घ्या. पत्ता, बॉडरेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट या चारही गोष्टी मॅन्युअलमधून उचला. अंदाजाने प्रयत्न करण्यात दुपार जाते. रजिस्टरचा (उपकरणात आकडा ठेवायच्या कप्प्याचा) क्रमांक एकाने चुकण्याचा घोळ नेहमीचा: काही मॅन्युअल १ पासून मोजतात, तारेवर मोजणी ० पासून होते. दुसरा घोळ दशांश आकड्यांचा. असा आकडा दोन रजिस्टरांत मिळून बसतो आणि त्यांचा क्रम उलटा असू शकतो. तापमान ३७.० यायला हवं तिथे शून्याला चिकटलेला, दशांशचिन्हानंतर चाळीसेक शून्यं असलेला आकडा आला, तर सेन्सर बिघडलेला नाही. रजिस्टरांचा क्रम उलटा वाचला जातोय. खात्री करायला प्रोब मुठीत धरा आणि आकडा वर सरकतो का बघा.

युएसबीवरून दोन उपकरणं जोडली असतील तर लिनक्स त्यांना जी नावं देतं ती रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात. बेसच्या पंपाला स्टररचा हुकूम गेला तर काय होईल याचा विचार करा. युडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणाऱ्या सोयीचा) नियम लिहून प्रत्येक उपकरणाला त्याच्या सिरियल क्रमांकावरून कायमचं नाव द्या, आणि प्रोग्राम सुरू होताच समोरच्याला त्याची ओळख विचारून घ्या. उत्तर जुळलं नाही तर पुढे जायचंच नाही.

डीएस१८बी२० हा तापमानाचा छोटा सेन्सर बऱ्याच घरगुती बांधणीत असतो. वीज आल्या आल्या, पहिलं मोजमाप होण्याआधी त्याच्या स्मृतीत ८५ अंश हा आकडा असतो. पूर्ण बारीक मोजमापाला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात; तुम्ही त्याआधी वाचलंत, किंवा तार हलून त्याची वीज क्षणभर गेली, की नेमके ८५ येतात. पीआयडीने, म्हणजे सेटपॉइंटपासूनच्या फरकावरून हीटर कमीजास्त करणाऱ्या गणिताने, ते खरं मानलं तर हीटर बंद होतो आणि आलेखावर एक सुळका उठतो. अर्डुइनोच्या प्रचलित लायब्ररीत सेन्सर सापडलाच नाही तर उणे १२७ मिळतो, आणि तो खरा मानला तर हीटर पूर्ण जोराने पेटतो. हे दोन्ही आकडे प्रोग्राममध्ये ‘वाचन अवैध’ म्हणून धरा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक सेन्सरला शक्यतेची चौकट द्या: तापमान ५ ते ६० अंशांबाहेर किंवा एका सेकंदात २ अंशांहून जास्त बदललेलं असेल तर ते वाचन फेकायचं, आणि सलग काही वाचनं फेकली गेली तर हीटर बंद करून अलार्म द्यायचा.

पीएचबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण याच ठिकाणी चांगले प्रयोग वाया जाताना मी बघितले आहेत. पीएच प्रोबचा सिग्नल फार नाजूक असतो: २५ अंशांना एका पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट, तेही प्रचंड रोध असलेल्या काचेतून. त्याच द्रवात धातूचा स्टरर शाफ्ट, हीटर, दुसरा प्रोब असं सगळं बुडालेलं. कुठूनतरी जमिनीकडे विजेची वाट मिळाली की प्रोब तीही मोजतो. हे तपासायची पद्धत सोपी आहे. व्हेसलमध्ये बफर भरा, पीएच प्रोब लावा, बाकी सगळं बंद ठेवून दहा मिनिटं आलेख बघा. मग स्टरर चालू करा. मग हीटर. मग एकेक पंप. नंतर दुसरे प्रोबही जोडा. हीटर लागताक्षणी रेघ सरळ उभी चढली, बंद होताक्षणी तशीच सरळ खाली आली, तर ती रसायनातली गोष्ट नव्हे. खरा पीएच असा हलत नाही. बेसचा थेंब पडला की मिसळायला वेळ लागतो, रेघ वळसा घेत चढते आणि हळूहळू बसते. या विजेच्या उड्यांवर सरासरीची गाळणी मारून आलेख गुळगुळीत करण्याचा मोह आवरा. आकडा तरीही चुकीचाच राहतो आणि प्रोग्राम शांतपणे चुकीचा बेस ओतत राहतो. उपाय विजेचा आहे: प्रत्येक प्रोबचा ॲम्प्लिफायर गॅल्व्हॅनिक आयसोलेशन असलेला, म्हणजे बाकी सर्किटांपासून विजेने वेगळा केलेला, घ्या.

कॅलिब्रेशन ही सॉफ्टवेअरचीच गोष्ट आहे

पेरिस्टाल्टिक (रोलरने नळी दाबत द्रव ढकलणाऱ्या) पंपाचं कॅलिब्रेशन पाण्याच्या मापनळीवर नको, तराजूवर करा. प्रयोगात लागणारीच नळी, तेवढीच उंची, तोच द्रव. आणि प्रयोगात पंप जेवढ्या कालावधीच्या ठोक्यांनी चालणार आहे तेवढ्याच ठोक्यांनी. दहा सेकंदांत पाच मिलिलिटर येतात म्हणून ०.२ सेकंदात ०.१ मिलिलिटर येईल असं नाही. मोटर वेग धरेपर्यंत ठोका संपलेला असतो, आणि रोलर नळीवर कुठे थांबला होता यावरही थेंब बदलतो. शंभर ठोके मारा, वजन करा, भागा. द्रवाची घनता विसरू नका: २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यापेक्षा सुमारे आठ टक्के जड असतं. नळी दबून दबून सैल होते, म्हणून कॅलिब्रेशनची फाइल ठेवताना तारीख आणि नळीचा प्रकार लिहा, आणि नवी नळी लावली की जुनी फाइल सॉफ्टवेअरने नाकारावी अशी सोय करा.

पीएच प्रोबचं कॅलिब्रेशन दोन बफरांवर, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करण्याआधी. १२१ अंशांतून बाहेर आल्यावर तो थोडा सरकलेला असू शकतो. व्हेसलमधलं निर्जंतुक माध्यम थोडं काढून बाहेरच्या मीटरवर मोजा आणि सॉफ्टवेअरमध्ये फक्त ऑफसेट बदला, उतार नाही. ॲटलास सायंटिफिकचे ईझेडओ सर्किट वापरत असाल तर मधला बिंदू आधी, मग खालचा आणि वरचा. मधला पुन्हा केला की बाकीचे दोन पुसले जातात.

विरघळलेल्या ऑक्सिजनचे १०० टक्के हे प्रयोगाचं तापमान, प्रयोगाचा स्टरर वेग आणि हवेचा प्रवाह लावून, आकडा स्थिरावल्यावरच ठरवा. पोलारोग्राफिक प्रोब असेल तर त्याआधी काही तास जोडून ठेवावा लागतो; ऑप्टिकल प्रोबला ती गरज नाही.

घनतेचं सांगायचं तर प्रकाश विखुरण्यावर चालणाऱ्या सेन्सरची रेघ ठरावीक मर्यादेनंतर वाकते. तुमच्याच जीवाणूची, तुमच्याच माध्यमात पातळ करत नेलेली मालिका घ्या, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ०.४ च्या खाली राहील इतकी पातळ करून मोजा, गुणाकार करा आणि तो वक्र सॉफ्टवेअरला द्या. दुसऱ्या कुणाचा वक्र उसना घेऊ नका.

लूप बसवणं

तापमानाचा लूप पाण्यावर बसवा. बहुतेक रिॲक्टरांत तापवायची सोय असते, थंड करायची नसते, म्हणजे एकदा पुढे गेलेलं तापमान परत यायला वेळ घेतं. पीआय पुरतं (पी आत्ताच्या फरकावर, आय साठत गेलेल्या फरकावर, डी फरक बदलण्याच्या वेगावर चालतो), डी च्या वाटेला जाऊ नका. आधी फक्त पी वाढवत न्या. तापमान वरखाली डोलायला लागलं की तो निम्म्यावर आणा, मग आय अगदी थोडा घाला. २० पासून ३७ पर्यंत चढताना हीटर बराच वेळ पूर्ण जोरावर असतो, आणि त्या काळात आय मधे चुकीची बेरीज साठत जाते. ३७ ला पोचल्यावरही ती बेरीज हीटर ढकलत राहते. सिम्पल-पीआयडी ही पायथनची छोटी लायब्ररी ही बेरीज आवरते, पण आउटपुटच्या मर्यादा आपण सांगितल्या तरच. ० ते १०० अशी मर्यादा स्वतः लिहा. मूळ सेटिंगमध्ये मर्यादा नसते.

पीएचचा लूप मात्र साध्या पाण्यावर बसवू नका. पाण्याला बफर नसतो, थेंबाने पीएच दोन अंक उडतो, आणि तिथे बसवलेले आकडे खऱ्या माध्यमात निरुपयोगी ठरतात. खरं माध्यम घ्या. पीएचसाठी मी पीआयडीपेक्षा ‘ठोका आणि थांबा’ पसंत करते: सेटपॉइंटच्या दोन्ही बाजूंना ०.०५ चा पट्टा सोडायचा, पट्ट्याबाहेर गेलं की लहान ठोका, मग मिसळायला लागतो तेवढा वेळ हात बांधून बसायचं, मग पुन्हा बघायचं. मिसळायला किती वेळ लागतो ते रंगाचा थेंब टाकून डोळ्यांनी बघा. ॲसिड आणि बेस दोन्ही जोडले असतील तर एक चालल्यावर दुसऱ्याला काही मिनिटं परवानगीच नको, नाहीतर दोघं एकमेकांचं पुसत बसतात आणि माध्यमात नुसतं मीठ वाढतं.

ऑक्सिजनला एका खटक्यावर भागत नाही. आधी स्टररचा वेग वाढवायचा, तो कमाल मर्यादेला लागला की हवा, आणि तेही पुरलं नाही तर शुद्ध ऑक्सिजन मिसळायचा. प्रोब स्वतःच मागे असतो म्हणून हा लूप मुद्दाम मंद ठेवा. वेग वाढला की फेस वाढतो. अँटीफोमचा (फेस मारणाऱ्या द्रवाचा) ठोका दिल्यावर ऑक्सिजन विरघळण्याचा वेग पडतो, म्हणून लूपने त्यावर लगेच धावून जाऊ नये. अँटीफोमनंतर काही मिनिटं त्याला गोठवा.

सतत प्रवाहाचे प्रयोग

केमोस्टॅटची, म्हणजे ठरलेल्या वेगाने ताजं माध्यम घालत कल्चर स्थिर ठेवण्याची, कल्पना १९५० मध्ये जीवशास्त्रज्ञ मोनोने, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे नोविक आणि झिलार्डने मांडली. गणित छोटं आहे: पातळ करण्याचा वेग म्हणजे ताशी प्रवाह भागिले आकारमान. ७०० मिलिलिटर आकारमान आणि ताशी ०.२ वेग हवा असेल तर तासाला १४० मिलिलिटर. हा वेग जीवाणूच्या कमाल वाढीच्या वर गेला तर कल्चर धुऊन निघतं. म्हणून ती मर्यादा सेटिंगमध्ये लिहून ठेवा आणि सॉफ्टवेअरला ती ओलांडू देऊ नका.

टर्बिडोस्टॅटमध्ये घनता ठरलेल्या आकड्यावर गेली की पातळ करायचं. एका वाचनावर हा निर्णय घेऊ नका, कारण एक बुडबुडा प्रकाशासमोरून गेला तरी आकडा उडतो. शेवटच्या काही वाचनांचा मध्यक घ्या. आणि प्रत्येक पंपाला तासाचा कोटा ठरवून द्या: गणिताने अपेक्षित आहे त्याच्या दुपटीहून जास्त माध्यम जाऊ लागलं तर थांबायचं आणि माणसाला बोलवायचं. भिंतीवर बायोफिल्म (पेशींचा चिकट थर) जमली की सेन्सरला कल्चर दाट दिसत राहतं, पंप थांबतच नाही, आणि माध्यमाची बाटली रिकामी होते; हा कोटा तिथे कामी येतो. दोन पातळ करण्यांच्या मधल्या काळात घनतेच्या नैसर्गिक लॉगचा उतार काढलात की तोच ग्रोथ रेट. ताशी ०.७ आला तर दुप्पट व्हायला साधारण एक तास.

नोंदी, रीस्टार्ट आणि अलार्म

गाळलेला आकडा साठवा, पण कच्चाही साठवा. पंपाला दिलेला हुकूम साठवा, आणि पंपाने कळवलेली स्थितीही. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांत घड्याळच नसतं, आणि पाच नंबरच्या पायमध्ये आहे पण त्याला बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज जाऊन आली आणि नेटवर्क नसेल तर पाय मागच्या कुठल्यातरी वेळेत जागा होतो, आणि तुमचा आलेख स्वतःवरच दुमडतो. बॅटरीचं घड्याळ लावा. नोंदी मेमरी कार्डावर लिहू नका, छोटी एसएसडी लावा.

एमक्यूटीटीमधल्या दोन सोयी जरूर वापरा. ‘रिटेन’ केल्यावर नव्याने जोडलेल्याला शेवटचा आकडा लगेच मिळतो. सेटपॉइंटसाठी ते उत्तम, पण ‘पंप ५ सेकंद चालव’ असल्या हुकुमांना ते कधीही लावू नका, कारण प्रत्येक वेळी जोडणी झाली की तोच हुकूम पुन्हा येईल. दुसरी ‘लास्ट विल’: उपकरण अचानक गायब झालं तर ब्रोकर त्याच्या वतीने सगळ्यांना कळवतो.

प्रोग्राम सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या सोयीच्या) हवाली करा आणि पडला तर आपोआप उठेल असं सेटिंग ठेवा. पण उठल्यावर तो कुठून सुरू करतो? फेड-बॅचमध्ये (कल्चर बाहेर न काढता खाणं घालत राहण्याच्या प्रयोगात) फीडचा वेग वेळेनुसार घातांकाने वाढत असतो. पुन्हा उठलेल्या प्रोग्रामने वेळ शून्यापासून धरली तर दाट कल्चरला सुरुवातीचं चिमूटभर खाणं मिळेल. फीड कधी सुरू झालं, आतापर्यंत किती मिलिलिटर गेलं, आपण कुठल्या टप्प्यात आहोत हे दर ठोक्याला डिस्कवर लिहा आणि उठताच आधी ते वाचा.

अलार्म थोडे ठेवा. रात्री दोनला फोन वाजण्याच्या लायकीचे चार: तापमान, ऑक्सिजन, पंपाचा कोटा, आणि ‘आकडेच येत नाहीत’. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा. ग्राफानामध्ये आकडे न येण्याला वेगळा अलार्म लावता येतो, तो लावा. शेवटच्या आकड्यावर गोठलेला पडदा लांबून निरोगी दिसतो.

नोड-रेडचा एडिटर मूळ सेटिंगमध्ये पासवर्डशिवाय उघडतो. तो प्रयोगशाळेच्या नेटवर्कबाहेर उघडा टाकू नका, आणि आतही पासवर्ड लावा. मॉस्किटो आवृत्ती २ पासून बाहेरच्या निनावी जोडण्या आपणहून घेत नाही. ते सेटिंग सैल करण्यापेक्षा प्रत्येक उपकरणाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्या.

तारा उपटून बघा

पाणी भरलेल्या व्हेसलवर पूर्ण मांडणी रात्रभर चालवा. दुसऱ्या दिवशी एकेक गोष्ट मुद्दाम मोडा. नेटवर्कची तार काढा. तापमानाचा प्रोब ओढून काढा. पायथनची प्रक्रिया मारून टाका. पायची वीज काढा आणि पाच मिनिटांनी परत द्या. डिस्क भरून टाका. बेसची बाटली रिकामी ठेवा. दर वेळी व्हेसलकडे बघा, पडद्याकडे नाही, आणि काय झालं ते वहीत लिहा. माझ्या हाताखालच्या मुलामुलींना या चाचणीच्या पानावर सही केल्याशिवाय मी इनॉक्युलम (सुरुवातीच्या पेशी) घालू देत नाही. कुणाला ती कटकट वाटते, पण ज्याचं कल्चर चौथ्या दिवशी वीज जाऊनही वाचलं तो पुढच्या वेळी स्वतःहून ते पान काढतो.

पहिला जिवंत प्रयोग निरुपद्रवी जीवाचा करा. बेकरीचं यीस्ट झकास आहे, त्याच्या वाढीची माहितीही भरपूर मिळते. तो दिवसा सुरू करा आणि जवळ थांबा. दर दोन तासांनी नमुना काढून घनता आणि पीएच हाताने मोजा, आणि ते आकडेही त्याच डेटाबेसमध्ये वेगळ्या नावाने घाला, म्हणजे एका आलेखावर दोन्ही दिसतील.

प्रयोगाच्या फोल्डरमध्ये आकड्यांसोबत सेटिंगची फाइल, कॅलिब्रेशनच्या फाइली आणि गिटमधला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला) त्या दिवशीच्या सॉफ्टवेअरचा कमिट क्रमांक ठेवा. प्रयोग चालू असताना सॉफ्टवेअर अपडेट करायचं नाही, कितीही छोटी दुरुस्ती असली तरी. काही बिघाड सापडून तुम्ही तो दुरुस्त केलात तर ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवा. बिघाड कसा पुन्हा घडवता येतो त्याचा आलेख सोबत जोडा.

प्रयोग संपल्यावर व्हेसल धुण्याआधी आणखी दोन मोजमापं घ्या. पीएच प्रोब बाहेर काढून, धुऊन बफरमध्ये बुडवा आणि तो किती सरकला ते लिहा. मग बेसची बाटली तराजूवर ठेवा: सुरुवातीच्या वजनातून वजा करून आलेला आकडा आणि सॉफ्टवेअरने मोजलेली बेरीज यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर नळी बदला आणि पंप नव्याने कॅलिब्रेट करा.